आहेर पुकारायचा माईक रविवारच्या आत परत मिळणेबाबत

दिनांक : ९ मे २०१७

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
रोकडरहित ग्राम अभियान कक्ष,
डहाणू, जि. पालघर.

विषय : जप्त केलेला माईक, ॲम्प्लिफायर व दोन कर्णे सख्ख्या बहिणीच्या लग्नासाठी परत मिळणेबाबत, तसेच त्या एका दिवशी आहेर रोख घेण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाची कारणे दाखवा नोटीस. (जावक क्रमांकावर शिक्का पडल्याने तो वाचता येत नाही.)

महोदय,

अर्जदार सावरपाडा, मौजे रानशेत येथील कायमचा रहिवासी असून 'गावदेवी मंडप, माईक आणि लाईट' या नावाने धंदा करतो. धंदा मोठा नाही. एक माईक, दोन कर्णे, एक ॲम्प्लिफायर, रंगीत दिव्यांच्या माळा आणि खुर्च्या, त्यातल्या काही तीन पायांच्या, एवढाच पसारा आहे. त्यांपैकी माईक, कर्णे व ॲम्प्लिफायर सध्या आपल्या कक्षात टेबलाखाली आहेत. परवा मी डोकावून पाहून आलो. ॲम्प्लिफायरवर कोणीतरी जेवणाचा डबा ठेवला होता. त्याबद्दल तक्रार नाही, फक्त डाळ आत जाऊ नये एवढे पाहावे.

१. नोटिशीत आहेर पुकारण्याचा उल्लेख 'अनावश्यक प्रसारण' असा झाला आहे, म्हणून ही पद्धत काय आहे ते प्रथम नम्रपणे सांगतो. आमच्याकडे लग्न लागले की मंडपात टेबल मांडतात. पाहुणा येतो, नोट देतो, नाव सांगतो आणि मी माईकवरून पुकारतो : अमुक गावचे अमुक यांच्याकडून एकवीस रुपये, आभारी आहोत. तलासरीकडचे काही पाहुणे याला चांदलो म्हणतात, पण कान त्यांचेही कर्ण्याकडेच असतात. कर्णे ताडाला बांधलेले असल्यामुळे जो लग्नाला आला नाही त्यालाही घरबसल्या कळते की कोण कोण आले, आणि मग त्याला झोप लागत नाही. हे काम आधी माझे वडील करीत, आता मी करतो. पाचशे एकला आवाज चढवायचा नाही आणि अकराला उतरवायचा नाही, हा आमच्या घराचा नियम आहे.

२. जानेवारीत आमचा पाडा कॅशलेस झाला. वेशीवर 'या गावात रोख व्यवहार होत नाहीत' असा फलक लागला. अर्जदार कार्डाच्या विरोधात नाही, हे कृपया नोंदवून घ्यावे. नोटा बंद झाल्या तेव्हा डहाणू रोडला बँकेपुढे उभे राहून आमच्या चपला झिजल्या, त्या मानाने कार्ड लाख पटीने बरे. सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट हातावर ठेवणे बंद झाले. (यावर पोरांची हरकत आहे, पण ती वेगळ्या अर्जाने येईल.) शिवाय गावदेवीला सव्वा रुपया वाहायची रीत चार आण्याचे नाणे गेल्यापासून अडली होती. आम्ही दोन रुपये वाहून बारा आणे पुढच्या वर्षात धरत होतो. यंदा मशीनमधून बरोबर एक रुपया पंचवीस पैसे गेले आणि पावतीही आली. भगताने ती देवीपुढे ठेवली, हळदकुंकू वाहिले, आणि देवीकडूनही आजवर तक्रार आलेली नाही.

३. एप्रिल महिन्यात आमच्या पाड्यातील हिरूकाकांच्या मुलाचे लग्न झाले. आपल्या कक्षाची तोंडी सूचना होती की फोटो काढायचे आहेत, तेव्हा मंडपात एकही नोट दिसता कामा नये. सूचना आम्ही पाळली. आहेराच्या टेबलावर दुकानदार संगीताताई स्वाइप मशीन घेऊन बसल्या. रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते, म्हणून मंडपही टाकीजवळच घातला. मुहूर्त पंचांगाने काढला आणि जागा रेंजने.

४. पहिला प्रकार नवरदेव नाचत असताना घडला. नवरदेवावरून नोट ओवाळायची आणि बेंजोवाल्याला द्यायची, ही रीत आपणही पाहिली असेल. नोट काढायची बंदी, म्हणून नवरदेवाचा मामा रघ्या याने भाच्यावरून कार्ड ओवाळले आणि बेंजोवाल्याच्या खिशात घातले. बेंजो पार्टी तलासरीची. कार्डही तलासरीला गेले. दुसऱ्या दिवशी बिचारा बेंजोवाला स्वतःच्या पेट्रोलने कार्ड परत द्यायला आला, तर रघ्यामामा हात लावायला तयार नाही. ओवाळून टाकलेली वस्तू परत घेतली तर इडापिडाही तिच्याबरोबर परत येते, आणि इथे तर प्रश्न भाच्याचा. त्यामुळे कार्ड आजही बेंजोवाल्याकडे आहे. तो ते देव्हाऱ्यात ठेवतो असे ऐकतो. नोटिशीत याला 'कार्डाचे अनधिकृत हस्तांतरण' म्हटले आहे. अधिकृतपणे कसे ओवाळतात ते साहेबांनी येऊन एकदा दाखवावे, असे रघ्यामामाचे म्हणणे आहे. हे म्हणणे त्याचे आहे, अर्जदाराचे नाही.

५. आता मुख्य आरोप, तो म्हणजे लोकांचे गुप्त पिन नंबर मी कर्ण्यावरून जाहीर केले. केले. पण का केले, ते नोटिशीत नाही.

आहेराला रांग लागली. बऱ्याच जणांना मशीनची बटणे दाबता येत नाहीत, म्हणून ती संगीताताई दाबत होत्या. शेजारी बेंजो जोरात. तेव्हा प्रत्येक पाहुणा आपला पिन संगीताताईंना ओरडूनच सांगत होता. म्हणजे गुप्तता माझ्यापर्यंत पोचण्याआधीच संपली होती. तरी मी नेहमीप्रमाणे फक्त नाव आणि रक्कम पुकारत होतो.

मग शुक्रीआजी आली. आजी पाड्याच्या टोकाला एकटी राहते. आधार कार्डावर तिची जन्मतारीख एक जानेवारी आहे, म्हणजे ती कोणालाच ठाऊक नाही. तिने अकरा रुपये आहेर केला आणि मी नाव पुकारले, तरी ती टेबलापासून हलेना. तिचे शब्द जसेच्या तसे देतो : "मशीननं माझा नाव इचारला काय? नंबर इचारला. मंग नंबर पन पुकार. नायतर हिरूला कसा कळंल, पैसा कोनाचा?"

महोदय, मी या प्रश्नावर बराच विचार केला आहे आणि मला यात अजूनही चूक सापडत नाही. म्हणून मी नाव, रक्कम व नंबर असे तिन्ही पुकारले. आजी समाधानाने जेवायला गेली. पण तिच्या मागे उभे होते ते नवऱ्या मुलीकडचे पाहुणे. म्हातारीचा नंबर पुकारता आणि आमचा नाही, म्हणजे आमचा मान कमी काय, असे म्हणून त्यांनी रांग अडवली. मुलीचा काका तर पंगतीतून उठून चपला घालू लागला. लग्नात रुसवा निघाला की काय होते ते आपल्याला सांगायला नको. लग्न वाचवायचे की पिन, असा प्रश्न होता. मी लग्न वाचवले. ज्यांचा आहेर आधी होऊन गेला होता तेही, कार्ड ओवाळून बसलेल्या रघ्यामामासह, परत येऊन नंबर पुकारून घेऊन गेले.

६. नोटिशीत पुढे 'संभाव्य गैरव्यवहार' असा शब्द आहे. या प्रकारात आजपर्यंत कोणाचाही एक पैसा गेलेला नाही. बेंजोवाल्याकडे तर कार्ड आणि पिन दोन्ही आहेत, तरी तो अजून बेंजोच वाजवतो. उलट फायदा झाला. लग्नानंतर एकदा शुक्रीआजी संगीताताईंच्या दुकानात तेल घ्यायला गेली आणि पिन विसरली. तर रांगेतल्या सगळ्यांनी तो एका सुरात सांगितला. बाहेर सायकलचे पंक्चर काढत बसलेल्यानेही सांगितला. आपला नंबर आपण विसरलो तर गाव लक्षात ठेवते, इतकी पक्की सोय शहरातल्या कोणत्या बँकेत असेल असे वाटत नाही.

७. त्यानंतर आपल्या कक्षाने शिबिर घेऊन सर्वांचे पिन बदलले. आजीचा नवा पिन शिबिरातील साहेबांनी स्वतः टाकून दिला, तिच्या कानात सांगितला आणि कोणाला सांगायचा नाही अशी शपथ घातली. आजीने शपथ इतकी पाळली की आता तो तिलाही ठाऊक नाही. दुकानात उभे राहून सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. चुकीचे नंबर दाबून कार्ड बंद पडले. बँकेत अंगठा लावून पैसे मिळतात असे कळल्यावर मी तिला घेऊन गेलो, पण करवंदे तोडून तोडून तिच्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नाहीत. मशीनने तिला ओळखले नाही. पेन्शन खात्यात सुखरूप आहे. आजी बाहेर आहे.

८. येत्या रविवारी, दि. १४ मे रोजी, माझी धाकटी बहीण चि. सौ. कां. निलम हिचे लग्न आहे. मुलगा तलासरी तालुक्यातल्या झरीचा. त्याच दिवशी कॅशलेस गावाच्या पुरस्कारासाठी आमच्या पाड्याची पाहणी ठेवल्याचे समजते. त्यामुळे जाणत्या मंडळींनी मला बजावले आहे की आहेर कार्डाने घे, नोट दिसू देऊ नको, आणि माईकचे नाव काढू नको. त्यांचेही चूक नाही. पुरस्कार मिळाला तर रस्ता होईल असे त्यांना कोणी तरी सांगितले आहे.

पण आमची आई वारली तेव्हा निलम लहान होती. मला वेणी घालता येत नव्हती. मी घातली तर निलम शाळेत जायची नाही, रडत बसायची. तेव्हा शुक्रीआजी रोज सकाळी पाड्याच्या टोकावरून यायची, तिची वेणी घालायची आणि चहासुद्धा न घेता कामाला जायची. गेले काही दिवस ती पहाटे रानात जाते, करवंदे तोडते, द्रोणात भरून डहाणू रोडच्या बाजारात बसते. निलमला आहेर म्हणून तिने एकशे एक रुपये जमवले आहेत. पाच-दहाच्या नोटा आणि नाणी, सगळे पदराच्या गाठीत.

काल ती घरी आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "नोट चालत नाय तं मी लग्नाला येव का नको?"

मी माईकवर जगणारा माणूस. पण मला रडू आले आणि मी खुर्च्या मोजायचे निमित्त करून आत गेलो.

एक गोष्ट नोटिशीच्या उत्तरात बसत नाही, तरी लिहितो. शुक्रीआजीचे पूर्ण नाव वर्षभरात कोणी घेत नाही. आम्ही आजी म्हणतो, बाजारात करवंदवाली म्हणतात, बँकेत पुढे सरका म्हणतात. फक्त कोणाचे लग्न असले म्हणजे ताडावरच्या कर्ण्यातून ती ऐकते : सावरपाड्याच्या शुक्री लाहू करबट यांच्याकडून अकरा रुपये. लाहू तिचा नवरा. त्याला जाऊन पुष्कळ वर्षे झाली. त्याचे नावही आता तेवढ्याच वेळी घेतले जाते. ते कानावर पडले की आजी डोक्यावर पदर घेते आणि खाली बघते. मी हे वर टेबलावरून दर लग्नात पाहतो. मशीनच्या पावतीवर एवढेच येते की व्यवहार यशस्वी झाला. कोणाचा, ते येत नाही.

९. तरी उपरोक्त बाबींचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन, माईक, ॲम्प्लिफायर व दोन्ही कर्णे शनिवार संध्याकाळपर्यंत मिळावेत. ताडावर चढणारा माणूस अंधारात चढत नाही. रविवारी एक दिवस ज्याला रोख द्यायचे त्याला रोख व ज्याला कार्डाने द्यायचे त्याला कार्डाने आहेर करू द्यावा. कोणाचाही पिन पुकारला जाणार नाही, मग मुलाकडचे रुसले तरी चालतील. पाहणीसाठी येणाऱ्या साहेबांना नोट दिसलीच, तर ती आहेराची आहे असे समजावे. आणि शुक्रीआजीचे कार्ड जमेल तेव्हा सुरू करून द्यावे. नवा पिन या वेळी निदान निलमला सांगून ठेवावा.

शनिवारपर्यंत आपले उत्तर न आल्यास अर्जदार आहेराच्या टेबलावर उभा राहून नुसत्या तोंडाने पुकारील. घसा माझा स्वतःचा आहे, तो जप्तीच्या पंचनाम्यात नाही. शेजारच्या पाड्यापर्यंत आवाज पोचेल की नाही ते सांगता येत नाही, पण मंडपाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत नक्की पोचेल, आणि आजीला मी पहिल्या खुर्चीवर बसवणार आहे. पहिले नाव तिचेच असेल. नियमभंग होणार असेल तर तो केव्हा आणि कोठे होईल हे आपल्याला आधीच माहीत असावे, म्हणून सविस्तर कळविले आहे.

रविवार सोडून बाकी सर्व दिवशी आपला आज्ञाधारक,

तुषार काशीनाथ करबट
गावदेवी मंडप, माईक आणि लाईट
सावरपाडा, मौजे रानशेत, ता. डहाणू

सोबत :
१) नोटिशीची प्रत.
२) निलमच्या लग्नाची पत्रिका. आपल्या नोटिशीखाली फक्त हुद्दा आहे, नाव नाही, म्हणून पाकिटावरची जागा कोरी ठेवली आहे. आपले पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, कृपया चिठ्ठीवर लिहून शनिवारी माझ्याकडे द्यावे, म्हणजे पुकारताना अडणार नाही.