लोरेनचे नऊ खोके

६ सप्टेंबर, शनिवार
डेल हुर्स्का, हेड कोच, डलूथ टगबोट्स. (लिहून बघितलं. छान दिसतं.) उद्या फुटबॉलच्या मोसमातली पहिली मॅच. धुता येईल असं जाकीट घेतलं. जिंकल्यावर पोरं कोचच्या डोक्यावर गार सरबताचं पिंप ओततात, तयारी हवी.
लोरेनला म्हटलं, तुझ्या आईच्या ताटांचे खोके आता तरी उघड. म्हणाली, अकरा वर्षांत सहा गावं झाली डेल, एक मॅच जिंकून दाखव, मग उघडते. बायकोला नवऱ्याची किंमत उशिराच कळते.

७ सप्टेंबर
३-३८. वारा उलटा होता. जाकीट कोरडं.

१२ ऑक्टोबर, रविवार
सहावी हार. वारा नव्हता, त्याचाच त्रास झाला.
आमचा क्वार्टरबॅक मार्लन ऑयलर, म्हणजे चेंडू फेकून अख्खी चाल चालवणारा, गुणी पोरगा, पण घाबरट. म्हणाला, कोच, तुमचं चालींचं दोनशे पानांचं पुस्तक राहू द्या, आपण साध्या चार चाली खेळू या ना. मी म्हटलं, बाळा, तू पुस्तक वाचलंच नाहीस. म्हणाला, वाचलंय, चाळिसाव्या पानावर तुम्ही आपले बारा जण उभे केलेत.
संघात अकराच असतात हे मला ठाऊक आहे. बारावी जिद्द.

१६ नोव्हेंबर, रविवार
दहावी. प्रेक्षक डोक्यावर कागदी पिशव्या घालून आले, डोळ्यांपुरती भोकं पाडून. थंडी फार पडलीय.
संघाच्या मालकीणबाई मिसेस गुंडरसननी पेपरात छापून आणलं : ‘डेलवर आमचा पूर्ण विश्वास आहे.’ कात्रण फ्रिजवर लावलं. लोरेनने ते दोनदा वाचलं आणि जाऊन खोक्यांची चिकटपट्टी विकत आणली.

२९ डिसेंबर, सोमवार
सोळा झाल्या. एकच मॅच उरली.
मिसेस गुंडरसननी कॉफीला बोलावलं. म्हणाल्या, अरे डेल, रविवारी दमलेल्यांना बसव, नवख्या पोरांना खेळू दे, हरलास तर या गावात कुणी तुला बोल लावणार नाही, मी सांगते ना. आणि माझा हात थोपटला. काय मन आहे बाईचं! माझ्यावरचा ताण कमी करू बघताहेत.
तळाच्या संघाला कॉलेजातला सगळ्यात भारी खेळाडू आधी उचलता येतो, असा नियम आहे. यंदा तो टेक्सासचा एक क्वार्टरबॅक. अख्खं डलूथ त्याच्या नावाच्या टोप्या घालून फिरतंय. आम्ही जिंकलो तर तळाला दुसरा संघ जाणार आणि पोरगा त्यांचा. जाऊ दे की. आपल्याकडे मार्लन आहे.

४ जानेवारी, रविवार
जिंकलो! १३-१०!
मार्लनला म्हटलं, घे, खेळ तुझ्या चार चाली. (कल्पना मुळात माझीच.) शेवटची चाल झाली आणि स्टेडियम चिडीचूप. भारावले होते बिचारे. एक आजोबा तर टोपी डोळ्यांवर ओढून रडत होते.
पोरांनी पिंप ओतलं. आत सरबत कमी, बर्फच जास्त. मार्लन माझ्या गळ्यात पडून हुंदके देत होता, मीही रडलो.
घरी आलो तर नऊच्या नऊ खोके उघडे. तिच्या आईच्या निळ्या काठाच्या ताटात खिमा-बटाट्याचा गरम हॉटडिश वाढलेला. लोरेन म्हणाली, शब्द म्हणजे शब्द. कशी होती ती ताटं, मी विसरूनच गेलो होतो.

५ जानेवारी, सोमवार, सकाळी ८.१०
मिसेस गुंडरसनचा फोन. म्हणाल्या, डेल, तुला एकच काम सांगितलं होतं रे.

८.४०
वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू? पिशव्या थंडीच्या नव्हत्या, हेही आता लिहून टाकतो.

११.००
लोरेनने खणातून चिकटपट्टी काढली. मी ताटं पेपरात गुंडाळतोय. आजच्याच पेपरात. पहिल्या पानावर मी, पिंपाखाली, तोंड उघडं. दोन ताटं तिने बाहेर ठेवलीत, दुपारच्या जेवणाला.
जाकीट धुवायला टाकू का, विचारत होती. नको म्हटलं.