व्हिएतनामचं पाकीट आणि माझं येसर

३ ऑगस्ट २०१०, मंगळवार
सासूबाईंनी आजही ताट सरकवलं. टायफॉइड उतरून महिना झाला. तोंडाला चव नाही, डोळ्यांत मोतीबिंदू, जिभेची धार तेवढी शाबूत. "तुझ्या वरणाला जनावर बी तोंड लावायचं न्हाई." अठ्ठावीस वर्षं हेच वरण खाऊन जगल्या. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न गेलं नाही तर बिदरला हलवावं लागेल. ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मीच उपाशी ठेवते.

५ ऑगस्ट
नणंद शांताक्का हैदराबादेहून आली. सोबत खोकं. तिचा सुधाकर कंपनीकडून तीन महिने व्हिएतनामला होता, तिथलं सूप आणलं. गरम पाणी ओतायचं, तीन मिनिटं झाकायचं. पाकिटावर कमळ. अक्का म्हणाली, "माय, बुद्धाच्या देशातलं हाय. तिथले भंतेजी खातेत. मटन-बिटन काही न्हाई."
म्हातारीनं वाटी पुसून खाल्ली. वर मला, "बघ. ह्याला म्हनतेत रांधनं."
रांधणं! पाणी कुणी उकळलं?

६ ऑगस्ट
अक्का सकाळच्या गाडीनं गेली. जाता जाता, "वैनी, पाकिटावर लिवलंय तसंच करा. तुमचं डोकं चालवू नका." लिहिलंय त्यांच्या भाषेत. मी मॅट्रिक, सेकंड क्लास, पण एक ओळ कळेल तर शपथ. चित्रं बघून केलं.
भांड्यात उरलेलं चमचाभर चाखलं. नुसतं मीठ. तांदळाच्या चपट्या शेवया, गिळगिळीत. वास मात्र ओळखीचा. दालचिनी, लवंग, आणि अजून एक काहीतरी... कुठं बरं?

८ ऑगस्ट, रविवार
सापडलं. आमटीला घालायला येसराचा डबा उघडला तर तोच वास. चक्रीफूल! समुद्रापलीकडून खोकं आणलं आणि आत माझ्याच फळीवरचा मसाला.
आज पाकिटातली मसाल्याची पुडी अर्धीच टाकली. कांदा आणि आलं चुलीतल्या निखाऱ्यावर काळं होईस्तोवर भाजून, ठेचून, त्याच पाण्यात. वर लिंबू पिळलं.
म्हातारी म्हणाली, "आजचं पाकीट चांगलं निघालं."
पाकीट निघालं म्हणे.

११ ऑगस्ट
हुलग्याचं कढण केलं, फडक्यातून दोनदा गाळलं, चिमूटभर येसर. त्यांची पुडी नावाला. शेवया त्यांच्याच. दोन वाट्या गेल्या पोटात.
आणि दुपारी शेजारच्या केराबाईला सांगणं चाललेलं, "सुनंच्या हाताला गुण न्हाई बग. नातवाच्या पाकिटाला हाय." मी दारात उभी आहे हे माहीत असून. मोतीबिंदू आहे, कान चांगले आहेत. वाटी उंबऱ्यावर आपटावी असं वाटलं. घासून ठेवली.

१५ ऑगस्ट, रविवार
आज पाकिटातलं काहीच नाही. कढण माझं, येसर माझं, शेवया उन्हाळ्यात मी पाटावर वळलेल्या. गव्हाच्या आहेत, रंगानं वेगळ्या, पण म्हातारीला कुठं दिसतंय. रिकामं पाकीट मात्र तिच्या कानाजवळ कुरकुरवलं, फोडल्यासारखं.
म्हातारीनं वाटी नाकाशी नेली. 
"ह्येच. ह्येच."
सैपाकघरात येऊन तोंडाला पदर लावून हसले. मग हसू गेलं.

२० ऑगस्ट
वजन दीड किलोनं वाढलं. काठी धरून अंगणापर्यंत आल्या. हे फोनवर भाच्याला, "सुधाकर, तुझ्या पाकिटानं मायला उठवलं रे! अजून एक खोकं पाठव." मी तिथंच भाकरी थापत होते. भाकरी फाटली.
सांगावं? सांगितलं तर म्हातारी तोंड मिटून घेईल. ती जगावी म्हणून गप्प आहे की... तेवढी चांगली मी नाही. तिनं न कळता कौतुक करावं आणि मी ऐकावं, ह्याची चटक लागली.

२४ ऑगस्ट, मंगळवार, पौर्णिमा
विहारात पंचशील. चौथ्या शीलाला, मुसावादा म्हणताना, आवाजच निघाला नाही. तोंडानं खोटं बोलले नाही म्हणावं, तर ते पाकीट कुणी वाजवलं?
भगवंतापुढं ठरवलं. उद्यापासून पाकीट म्हणजे पाकीट. आणि बघूच म्हातारी काय म्हणते. (हे दुसरं विहारात मनात यायला नको होतं.)

२५ ऑगस्ट
अक्का नवं खोकं घेऊन आली, मायजवळ बसली. मी चुलीपाशी. चित्राप्रमाणे, घड्याळ लावून तीन मिनिटं. पुडी पूर्ण. वरून काही म्हणजे काही नाही.
म्हातारी थुंकली. "ह्यात काय कालवलीस ग?"
अक्का म्हणाली, "वैनी, सरळ पाकिटात बी हात घालता व्हय? कामून माझ्या मायच्या जिवावर उठलाव?"
पंधरा दिवसांत पहिल्यांदा खरं वाढलं, आणि आजच चोर ठरले.

२६ ऑगस्ट
अक्कानं स्वतः करून दिलं. तेही सरकवलं. आता म्हणते खोकंच नकली. नाहीतर तुमच्या घागरीतलं पाणी. म्हातारी कालपासून नुसत्या चहावर. काठी भिंतीला लागून. हे बिदरची जीप विचारून आले.
हुलगे भिजत घातले.

२७ ऑगस्ट, शुक्रवार
सकाळीच केलं सगळं. वाटी नेली. पाकीट वाजवलं नाही. हे आणि अक्का समोरच.
मी म्हणाले, "आत्या, तुम्ही खाल्लेलं ते ह्ये हाय. माझे हुलगे, माझं येसर, माझ्या शेवया. पाकीट न्हवतं."
अक्का उठून उभी राहिली. "म्हंजे?"
म्हातारीनं हात वर करून तिला गप्प केलं. वाटी नाकाशी धरली. लई वेळ.
"इतके दिस मला फसवायलीस व्हय?"
"व्हय."
वाटी खाली ठेवली नाही. तोंडालाही लावली नाही. दोन्ही हातांत धरून भिंतीकडं तोंड करून बसल्यात. अक्का म्हणते, निवायलंय, दुसरं द्या. मी उठले नाही.
पीठ मळून झालं, चूल पेटलेली आहे. भाकरी थापायला घेतली नाही अजून. थापण्याच्या आवाजात चमचा ऐकू यायचा नाही.