धुरपताच्या आवाजाची वाटणी

मी, दुधराम बकाराम कापगते, वय चौऱ्याहत्तर, धंदा शेती, राहणार केशोरी, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया, हे माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे, छाती तेवढी नाही. परवा नागपूरला हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. उलट दोन्ही लेकरं समोर बसून "कायले असं अभद्र लिहून राहिले, बाबूजी?" म्हणून हात धरत आहेत. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर व तलावाखालची शेती मुलगा उमेंद्र आणि मुलगी रेणू यांना सारखी मिळावी. उमेंद्र गोंदियाजवळ मुर्रीला स्थायिक झाला, तो चिखलात उतरणार नाही हे मी जाणतो. विकावीशी वाटली तर आधी बहिणीला विचारावं. रेणू सडक अर्जुनीहून येऊन आजही रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करून जाते. कोणता बांध कुठे फुटतो ते तिला माहीत आहे.

२. पतसंस्थेत जी ठेव उरेल ती उमेंद्रची मुलगी भूमिका हिच्या शिक्षणासाठी. तिनेच मला माऊस धरायला शिकवलं. बाकीचं मी चुकत चुकत शिकलो.

३. माझा प्रिंटर गावातल्या ओमेश लंजे याला द्यावा. मी कॉम्प्युटर घेतला तेव्हा तो चौकात म्हणाला होता, "दुधरामनं बैलाले चष्मा लावला." पुढे तोच आपला सातबारा छापायला माझ्या ओट्यावर येऊन बसायचा. प्रिंटर त्याने न्यावा, शाई मात्र स्वतः भरावी. माझा राग इथे फिटला.

४. आता कॉम्प्युटर. याच्यासाठीच हा कागद.

अर्धं आयुष्य मी गावच्या तलावाचा पाणकर होतो, म्हणजे कोणाच्या धानाच्या बांधीत कधी पाणी सोडायचं ते ठरवणारा. पाणकराने स्वतःची बांधी सगळ्यांत शेवटी भिजवायची, असा आमच्याकडचा नेम आहे. तो मोडला तर गाव पाणी नाही, शिव्या सोडतं.

लोकांचे मोबाईल चिखलात पडतात, फोटो जातात. म्हणून घरोघरचे फोटो, दाखले, तलावाच्या सभांची रेकॉर्डिंग मी माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. पाटाच्या पाण्यासारखे घरांच्या ओळीने फोल्डर लावले. मग वाटलं, बियाण्याचा धान आपण एका ढोलीत ठेवत नाही, एक पोतं लेकीच्या घरी ठेवतो. तसं याचंही करावं. बाहेरची एक डिस्क आणली आणि दिवाळीनंतर एकेका घराची प्रत काढू लागलो. सगळ्या गावाची झाली. माझं फोल्डर सवयीने शेवटी ठेवलं होतं. त्यात माझी बायको धुरपता हिचा आवाज आहे. ती गेली त्याला तीन वर्षं झाली. दुसरीकडे कुठेही तो नाही.

आणि नेमकी तेव्हाच कॉम्प्युटरच्या आतली डिस्क दात खाल्ल्यासारखी कटकट करू लागली.

गोंदियाचे दुरुस्तीवाले मुन्नालाल बिसेन यांनी कान लावून सांगितलं, "काका, बंद कर दो. अब एक बार चलेगी. दुसरी बार का भरोसा मत रखना." तेव्हापासून त्याची वायर मी पेटीत कुलूप लावून ठेवली आहे. नागपूरला एक जण अशा डिस्क उघडतो, पण तो महिनाभर ठेवून घेतो आणि खात्री देत नाही.

म्हणून असं ठरवतो की माझ्यामागे कॉम्प्युटर कोणी चालू करू नये. उमेंद्र व रेणू यांनी मिळून तो नागपूरला न्यावा. जे निघेल त्याच्या दोन प्रती कराव्यात.

५. गावाच्या प्रतीची डिस्क ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवावी. ज्याचं त्याने मागितलं तर द्यावं, दुसऱ्याचं दाखवू नये.

६. वरचं चौथं कलम खोडत नाही, पण ते आता लागू नाही. काय झालं ते साक्षीदारांदेखत लिहितो.

मी कागद वाचून दाखवला तेव्हा रेणू म्हणाली, "बाबूजी, तुमच्यामागे म्हणजे? तुम्हाले आईचा आवाज ऐकाचा नाही काय?"

उमेंद्र चिडला. "आन डिस्क गेली तं? मंग का ऐकशीन, पंख्याचा आवाज?"

"तू तं आई होती तवाही फोनच करे, येत नव्हता!"

"रेणू, तोंड सांभाळ."

दोघांना मी गप्प केलं. त्यांच्या भांडणात खोटं कोणीच बोलत नव्हतं. पण माझं मला दिसलं. पाणी सोडायचं माझ्या हातात असून मी पुन्हा टोकाला जाऊन बसलो होतो. मुन्नालाल साक्षीसाठी आलेलेच होते. मी पेटीची किल्ली त्यांच्या हाती दिली.

लाईन जाऊ नये म्हणून शेजारच्या घरून इन्व्हर्टरची वायर ओढली. डिस्क घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. माझ्या छातीत तिच्यासारखंच होत होतं. मुन्नालाल यांनी प्रत काढायला पेनड्राइव्ह जोडला, माझं फोल्डर उघडलं.

"काका, पहले कौनसा?"

"लग्नाचा व्हिडिओ," उमेंद्र म्हणाला. रेणूच्या लग्नात धुरपता मांडवात गायली होती. फाईल सगळ्यांत मोठी.

मी म्हणालो, "आधी लहान. लहान बांधी लवकर भरते."

लहान सगळ्या आल्या. मोठी अर्ध्यावर गेली आणि हिरवी पट्टी अडली. कटकट झाली, मग तीही थांबली. मुन्नालाल यांनी मान हलवली. उमेंद्र मला बोलू शकला असता. पण तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. रेणू उठून त्याच्याजवळ गेली.

मग आम्ही आलेलं लावलं. गाणं नव्हतंच ते. मी रेकॉर्डिंग शिकत असताना नकळत टिपलं गेलेलं.

"काऊन जी, दिसभर त्या डब्ब्यातच मुंडी घालून बसान काय? चाय थंडी होऊन राहिली. आन पोराले फोन लावा, जेवला का नाही ते पुसा."

उमेंद्र खाली बसला.

७. म्हणून कलम चारऐवजी: धुरपताच्या आवाजाची एक प्रत उमेंद्रला, एक रेणूला, आजच दिली. अर्धवट व्हिडिओसाठी मेलेली डिस्क नागपूरला न्यायची की नाही, ते दोघांनी ठरवावं. मी आग्रह धरत नाही. तिसरी प्रत माझ्या मोबाईलमध्ये आहे. तिची वाटणी करत नाही. ती माझ्यासोबत दवाखान्यात येते, आणि मी तिथून उठलो तर पहिल्यांदा ऐकायला ती मलाच लागणार आहे.

वरील मजकूर माझा आहे, वाचून समजून सही करतो.

(सही) दुधराम बकाराम कापगते

आमच्यासमोर त्यांनी सही केली. त्यांच्यासमोर आम्ही केली.
साक्षीदार:
१. (सही) शालीकराम नाकाडे, शेजारी, केशोरी
२. (सही) मुन्नालाल बिसेन, गोंदिया

ठिकाण: केशोरी
दिनांक: १२ जानेवारी २०२५