उसातला कांदा

सातारा, १२ जून १९७२

चि. सौ. विजयमाला हीस अण्णाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे. मुख्याध्यापिका झाल्याची वार्ता तू पोस्टकार्डावर कळवलीस. परिणामी ती माझ्याआधी पोस्टमन इमामला कळली, आणि त्याने ती गल्लीभर सांगत सांगत आणली. मी दार उघडलं तेव्हा शेजारच्या राहीबाई पेढे मागायला उभ्या होत्या. बहिणीचा उत्कर्ष सख्ख्या भावाला सर्वांत शेवटी समजावा, हे कुठल्या शास्त्रात बसतं? यापुढे आंतर्देशीय वापरावे.

नवा अभ्यासक्रम आला त्याच वर्षी तू खुर्चीत बसलीस. मुहूर्त भटजीने काढलेला दिसत नाही. आमच्याही शाळेत आठवीचं सगळं बदलतंय. माझ्या संस्कृताला मात्र कोण हात लावतो? ते दोन हजार वर्षं आहे तिथेच आहे, आणि मीही.

मानसिंगरावांना नमस्कार. माया आहेच, ती कमी करू नये.

तुझा अण्णा (हंबीरराव)

*

विश्रामबाग, सांगली, २० जून

ती. अण्णांस शिरसाष्टांग नमस्कार.

तक्रार मान्य, म्हणून हे आंतर्देशीय. इमामभाईंना सांगा, आत पेढ्यांजोगं काही नाही.

आमचे गणिताचे लालासाहेब गुरुजी राजीनामा देतो म्हणतात. आठवीला ‘संच’ नावाचं नवं गणित आलंय. वर्तुळं काढायची आणि त्यांत वस्तू मांडायच्या. गुरुजींच्या मते हा पोरखेळ आहे. पण नवं पुस्तक हातात घेतलं की त्यांचा चेहरा उतरतो, हे मी पाहिलंय. इतकी वर्षं ज्या माणसानं फळ्यावर एक आकडा चुकला म्हणून पुसला नाही, त्याला आता मुलांसमोर अडखळायची धास्ती आहे. ते गेले तर आणखी दोघंतिघं जातील आणि आठवीपुढं उभं राहायला कोणी उरणार नाही.

नव्या जरिनाबाईंना हे गणित येतं. पण त्यांच्याकडून शिकून घ्या म्हटलं की स्टाफरूममध्ये सगळ्यांना एकदम वह्या तपासायच्या असतात. संस्थेचे लोक म्हणतात, लेखी हुकूम काढा. तुम्ही काय म्हणता?

वहिनींना नमस्कार. उत्तराची वाट बघते.

विजू

*

सातारा, २६ जून

चि. विजूस आशीर्वाद.

हुकूम काढ. दंडावाचून राज्य चालत नाही, असं आपल्या पूर्वसूरींनी सविस्तर लिहून ठेवलंय. तुझी वहिनी अंजना मात्र म्हणते की हुकमानं गुरुजी शाळेत येतील, शिकवतील कशावरून? तिचं मत केवळ माहितीस्तव कळवत आहे.

घरी सर्व कुशल. आशीर्वाद आहेतच, ते वापरत जा.

अण्णा

*

विश्रामबाग, सांगली, १० जुलै

ती. अण्णांस शि. सा. नमस्कार.

मी वहिनींचं ऐकलं. राग नसावा.

परवा शनिवारी शाळा सुटल्यावर मीच वही घेऊन आठवीच्या वर्गात पुढच्या बाकावर जाऊन बसले आणि जरिनाबाईंना शिकवा म्हटलं. मुख्याध्यापिका बाकावर कशी बसते ते बघायला एकेक जण आला. लालासाहेब गुरुजी दारातच छत्री टेकून उभे राहिले. कुंडलच्या गाडीला वेळ आहे म्हणून थांबलोय, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

बाईंनी मलाच फळ्याशी बोलावलं. शाळेत चहा पिणारे नऊ, तंबाखू खाणारे पाच, दोन्हींवाचून कोणी नाही, तर शिक्षक किती? मी दोन वर्तुळं काढली आणि ऐटीत चौदा लिहिले. आम्ही आहोत बारा. तेवढ्यात दारातून गुरुजींचा आवाज आला, तोही थेट त्यांच्या गावचा:

“बाई, दोन मास्तर जास्ती कुठनं आणलं? आमी उसात कांदा लावतो. उसाचं रान मोजलं, कांद्याचं मोजलं, म्हनून रान वाढतंय व्हय?”

वर्ग हसला. गुरुजी पुढं आले, माझ्या हातून खडू घेतला आणि दोन्ही वर्तुळं एकमेकांत शिरतील अशी काढली. मधल्या तुकड्यात दोघंच: ते स्वतः आणि चित्रकलेचे सर! चहा-तंबाखूचा हा हिशोब सांगताना त्यांची कुंडलची गाडी चुकली. राजीनाम्याचं पुन्हा कोणी काढलेलं नाही. आज सोमवारी त्यांनी आठवीला उसातला कांदा शिकवला. अडखळले, पुसलं, पुन्हा लिहिलं.

स्टाफरूममध्ये म्हणतात, बाईंनी चूक मुद्दाम केली. म्हणू देत. तुम्हाला म्हणून सांगते, ती खरीच होती.

लोभ असाच ठेवा, आणि सल्लाही देत जा. उलट करायला बरा पडतो.

विजू

*

सातारा, १५ जुलै

चि. विजूस आशीर्वाद.

तुझं पत्र घरात मोठ्यानं वाचलं गेलं. अंजनाचा विजय झाल्यामुळे मला दोन दिवस तिची मान ताठ पाहावी लागली. लालासाहेबांना माझा नमस्कार सांग. चौदा शिक्षकांबद्दल तुझं पुन्हा एकदा अभिनंदन.

आता इमामला न कळण्याजोगं. आमच्याकडे संस्कृताचे तास निम्मे झाले. उरलेल्या तासांना मला ‘कार्यानुभव’ दिलाय, म्हणजे मुलांकडून साबण आणि खडू करून घ्यायचे. घरात साधा खिळा ठोकायचा तर अंजना हातोडी माझ्या हातून काढून घेते, हे तू जाणतेस. पहिल्या तुकडीचा साबण अजून पातळ आहे. मी त्यावर एक श्लोक म्हणून वेळ मारून नेली. दर वेळी श्लोक पुरणार नाही.

पहिल्या पत्रात मी ऐट केली, तेव्हाच हे कानावर आलं होतं. नोकरी जाईल असं नाही. पण वर्गात शिरताना माझे पाय आजवर कधी जड झाले नव्हते, ते आता होतात. मुलं हसतील, आणि त्यांचं बरोबर असेल, याची मला भीती वाटते.

येत्या शनिवारी मी सांगलीला साबण शिकायला येतो. बाकावर जागा ठेव. लोभ आहे तो राहू दे. या खेपेला थोडा धीरही पाठव.

तुझा अण्णा