काटा पंच्याहत्तरवर होता

बाबा, मागच्या रविवारी मी गाडीच्या मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. गाडी माझीच, जुनी, गडचिरोलीला नोकरी लागल्यावर घेतलेली. धानोऱ्याकडच्या गावांत फिरावं लागतं आणि तिकडच्या जंगलाच्या रस्त्यावर काटा साठच्या वर जात नाही, म्हणून सहा महिने काही कळलंच नाही. मग एकदा आईला भेटायला आपल्या मूल गावाला येताना, सावली गाव सोडल्यावर जो सरळ पट्टा लागतो तिथं गाडी नव्वदच्या वर गेली आणि कुठून तरी शिट्टी सुरू झाली. बारीक, कानाच्या आत खुपणारी. ऐंशीवर आली की बंद. ही हवा आहे, इंजिन नाही, चाक नाही, हे मला तिथंच कळलं. मग ऑफिसातल्या मैत्रिणीला चालवायला बसवलं आणि पेंटरलोक वापरतात त्या कागदी टेपनं गाडीच्या सगळ्या फटी बंद केल्या, तुम्ही करायचे तशा. आरशांची बुडं, दरवाजांच्या कडा, समोरच्या काचेभोवतीची पट्टी, छतावरच्या दोन नाल्या. एका फेरीला एकच टेप काढायची, त्याच रस्त्यावर, त्याच स्पीडनं. जी टेप काढल्यावर शिट्टी परत आली, चोर तिथं. तिसऱ्या फेरीत मी मागून विचारलं, "किती?" ती म्हणाली, "शंभर." आणि मी डोळे उघडले, पुढे वाकले आणि काटा पाहिला.

तिनं आरशातून माझ्याकडे बघितलं. "काऊन वो, भरोसा नाई का माह्यावर?"

"आहे ना."

"मंग वाकून काय पाह्यते, परीक्षेतल्या मास्तरणीवानी?"

काटा शंभरवरच होता. शिट्टी काचेच्या वरच्या पट्टीतून येत होती, एक कोपरा उचलला गेला होता, अर्ध्या तासाचं काम. गाडी आता गप्प आहे. मलाच तेव्हापासून धड झोप नाही की काम नाही, कारण मी तुमच्यासाठी गाडी चालवायचे तेव्हा तुम्ही एकदाही डोळे उघडून काटा पाहिला नव्हता.

तुमचं गॅरेज म्हणजे बसस्टँडमागचा तो टिनाचा शेड. पत्रा ठोकणं, काचा बसवणं, दरवाजे सरळ करणं. हे करणारे मूलमध्ये अजून तिघं होते. पण गाडीत हवेचा आवाज येतो म्हटलं की सिंदेवाहीपासून चंद्रपूरपर्यंत लोक तुमचं नाव सांगायचे. तुम्ही आधी गाडीला हातच लावायचे नाहीत. दरवाजात कागदाची पट्टी धरून दरवाजा लावायचे आणि पट्टी ओढून बघायचे, अडली तर रबर चांगलं, सुटून आली तर रबर मेलं. मग टेप. मग रस्ता. रस्ता तोच, दोन्ही बाजूंना धानाची सपाट शेतं, बांध्याच बांध्या, एक झाड नाही. एकदा एका फॉरेस्टवाल्या साहेबानं विचारलं, इतक्या दूर काऊन नेता, इथीच जंगलातल्या रोडवर पाहून घ्या. तुम्ही म्हणाले, "साहेब, झाड आवाज वापस फेकते. डावीकडचा आवाज उजवीकडून येते. मी मंग चांगला दरवाजा खोलून बसीन." दोन बाजूंनी चालवायचं, जाताना आणि येताना, कारण वारा एका अंगाचा असला की फसवतो. चालवणाऱ्यानं बोलायचं नाही. तुम्ही मागं, डोळे मिटून, डोकं थोडं तिरपं, आणि एकच प्रश्न, "किती?"

चालवणारी मी होते, बारावीच्या सुट्टीपासून. तुम्हीच शिकवलं, धान कापल्यावर मोकळ्या झालेल्या बांधीत, दोन वेळा गाडी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर चढवली तरी तुम्ही ओरडले नाहीत. गिऱ्हाइकं हसायची. "भाऊ, पोरगी चालवते का गाडी?" तुम्ही म्हणायचे, "ते चालवते म्हून तं मले ऐकाले भेटते." एकदाच रागावले होते. एका गाडीत मी फेरी संपायच्या आधीच ओरडले, बाबा, मागच्या दरवाजातून येतो. तुम्ही गाडी थांबवायला लावली. "तू सांगतलं का माह्या कानाले तेच ऐकू येते. आता हे फेरी गेली वाया. तू फक्त काटा सांगाचा. काट्यात मत नसते." तो आवाज आरशाच्या बुडातून निघाला. घरी जेवताना हेच तुम्ही आईला रंगवून सांगितलं, आणि सांगता सांगता उठून तिच्या कुकरच्या झाकणाभोवती ओलं बोट फिरवलं, कारण मधूनच त्याची फुसफुस तुमच्या कानावर आली होती. "याचंई रबर मेलं." आई म्हणाली, "जेवा ना, राहू द्या त्या कुकरले. तुमच्या कानाले सुट्टी हाये का नाई?"

आता तो दिवस. तो मी कुणाला सांगितलेला नाही.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, नागपूरला. दोन दिवसांसाठी आले होते. राईसमिलवाल्या शेठची नवी मोठी गाडी तुमच्याकडे होती, मुलीच्या सोयरिकीसाठी तिला घेऊन नागपूरला जायचं होतं आणि नव्वदच्या वर शिट्टी. सकाळपासून आपल्या सात फेऱ्या झाल्या. पुढच्या दरवाजाचं रबर तुम्ही बदललं, दरवाजा घट्ट बसावा म्हणून त्याची कुंडी दोन सूत आत घेतली. आता शेवटची फेरी, सगळ्या टेपा काढून, उघड्या गाडीची. मला दीडची बस होती. संध्याकाळी कॉलेजात आम्ही काही जण आपापलं लिहिलेलं वाचणार होतो आणि एक मुलगा मेसेजवर मेसेज टाकत होता, येतेस ना, कोणतं वाचणार, आधी मला पाठव. माझ्या हाताला रबर चिकटवायच्या सोल्यूशनचा वास येत होता आणि त्याची मला लाज वाटत होती, तेही लिहून टाकते.

तुम्ही मागं डोळे मिटलेले. बांध्यांत बाया निंदण करताहेत. मी फोन मांडीवर घेते. शंभरवर एका हातानं ती गाडी धरता येत नाही, मला भीती वाटते, म्हणून मी पाय सैल सोडते. काटा पंच्याहत्तरवर येऊन थांबतो. मी अंगठ्यानं टाइप करते, निघतेच आहे. तुम्ही विचारता, "किती?"

मी म्हणते, "शंभर."

तुम्ही डोकं आणखी तिरपं करता. मग म्हणता, "इंजिन मऊ वाटून राह्यलं."

"नवी गाडी आहे बाबा. पाचवा गिअर आहे."

"शंभर ना?"

"शंभर."

येतानाही मी तेच केलं. आता फोनची गरज नव्हती, मेसेज गेला होता. पण येताना खरं शंभर केलं असतं तर तुम्हाला फरक कळला असता, म्हणून पुन्हा पंच्याहत्तर. तुम्ही खाली उतरले, गाडीच्या छतावर तळहात ठेवला. "गेला आवाज." तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मला चांगलं आठवतं. मला बस मिळाली. काय वाचलं ते आठवत नाही.

पुढचं मी आईकडून फोनवर ऐकलं. चार दिवसांनी शेठ शेडवर आले. वाईट माणूस नव्हता तो, हसतच बोलला, पण बाजाराचा दिवस, शेडमध्ये पाच-सहा जण बसलेले. "भाऊ, नागपूरपर्यंत शिट्टी वाजवत नेलं आमाले तुमी दुरुस्त केलेल्या गाडीनं. सोयऱ्यायनं विचारलं, हॉर्न बिघडला का? पोरगी लाजून गेली." तुम्ही म्हणाले, पुन्हा पाहतो, ठेवून जा. तो म्हणाला, "राहू द्या भाऊ, आता तिकडंच दाखवीन. तुमी कान दाखवून घ्या एकदा. जिंदगीभर पत्रा ठोकला, कान तं जाईनच." बसलेले हसले. तुम्हीही हसले म्हणे. त्यांच्यासमोर माझं नाव तुम्ही काढलं नाही, ड्रायव्हिंग पोरगी करत होती, तिनं काटा सांगितला, असं काहीच नाही. त्या गाडीचा आवाज परत ऐकायची संधी तुम्हाला मिळाली नाही, नाहीतर एका फेरीत सगळं उघडं पडलं असतं.

त्या रात्री तुम्ही मला फोन करून एवढंच विचारलं, "त्या दिवशी काटा बराबर पाह्यला होता ना, माय?" मी म्हटलं, हो बाबा. तुम्ही म्हणाले, "मंग ठीक आहे. अभ्यास कर."

नंतर सिंदेवाहीहून एक गाडी आली तेव्हा तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी चालवायला घेऊन गेले, आणि फेरीतून येऊन त्या माणसाला सांगितलं, आवाज आहे वाटते, पण माह्या कानाचं आता काही खरं नाई, दुसरीकडं दाखवा. आवाज होता, बाबा. तुम्हाला ऐकू येत होता. त्यानंतर तुम्ही आवाजाची गाडी घेतलीच नाही. पत्रा ठोकत राहिले. घरी टीव्ही मोठा करू लागले, म्हणजे ऐकू येत नव्हतं म्हणून नाही, तर ऐकू येत नसणार असं ठरवून. आई दोनदा हाक मारायची आणि तुम्ही पहिल्या हाकेला ओ द्यायचं सोडून दिलं.

दिवाळीत मी तुम्हाला चंद्रपूरला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मीच नेलं. कारण मला वाटलं, डॉक्टर सांगेल आणि माझी सुटका होईल. तुम्हाला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन, हातात बटण. मी बाहेरून बघत होते. तुम्ही डोळे मिटले, डोकं तिरपं केलं, आणि प्रत्येक वेळी बटण दाबलं. डॉक्टर म्हणाला, "काका, तुमच्या वयात असे कान मी पाहिले नाहीत. काही झालेलं नाही." मी मोकळा श्वास घेतला. तुम्ही त्याला नमस्कार केला आणि बाहेर आलो.

चहाच्या टपरीवर बाकावर बसलो. मी म्हटलं, झालं ना आता, कान चांगले आहेत. तुम्ही बशीत चहा ओतत म्हणाले, "तो बंद खोलीत पाह्यते. तिथी हवा कुठी आहे? मी हवेत फसलो ना."

"पण बाबा, मशीन आहे त्यांच्याकडे."

"मशीन असंल. डॉक्टरची चूक होऊ शकते. तू तं डोळ्यानं काटा पाह्यला. शंभरवर गाडी होती आन् मले शिट्टी ऐकू आली नाई. दोघातलं एक खोटं असन तं डॉक्टर खोटा." मग बशी खाली ठेवून, अगदी साधेपणानं, "तू कायले खोटी बोलशीन?"

तेव्हा बोलायचं होतं. बाजूला दोन कॉलेजची पोरं समोसा खात होती, बस लागायला वेळ होता, तुमच्या मिशीला चहा लागला होता. एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, "आपण नागपूरला दुसऱ्या डॉक्टरला दाखवू." तुम्ही म्हणाले, राहू दे, खर्चात काऊन पडतं. आणि बसमध्ये तुम्ही खिडकीच्या बाजूला बसले, काच थोडी सरकलेली होती, हवेचा बारीक आवाज येत होता, आणि तुम्ही हात लावून ती घट्ट बंद केली. ते तुम्ही नकळत केलं. मी पाहिलं.

त्यानंतर दोन वर्षांनी तुम्ही गेले, छातीत कळ येऊन, शेडमध्येच. आज नऊ वर्षं होतील. या नऊ वर्षांत मी पुष्कळ लिहिलं, छापूनही आलं काही. वाचून लोक म्हणतात, फार खरं लिहितेस.

आई ठीक आहे, दोन-तीन दिवस मी तिच्याजवळ मूललाच आहे. परवा शेजारच्या नव्या सूनबाई बसायला आल्या होत्या, त्यांनी विचारलं, तुमच्याकडे गॅरेज होतं म्हणतात. आईनं सांगायला सुरुवात केली, नेहमीसारखं, "लय कान होते वो यांचे. पण शेवटी शेवटी गेले. पत्र्यानं खाल्ले." ती हे प्रत्येकाला सांगते, तिला ते खरंच वाटतं, आणि आता तर तिच्या आठवणीत तुम्ही खरोखर बहिरे झाले आहेत. सूनबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, हो म्हणून, आणि चहा ठेवायला आत गेले.

हे पत्र मी तुम्हाला लिहिते आहे, कारण ते सोपं आहे. तुम्ही विचारणार नाही. ज्या माणसाला हे सांगायला पाहिजे ती पलीकडच्या खोलीत तांदूळ निवडत बसली आहे, आणि मघाशी ती इकडं आली, "काय लिहून राह्यली वो इतकं?" म्हणाली, तेव्हा मी कागद उलटा करून म्हटलं, ऑफिसचं आहे.