अर्धी पुसलेली फरशी

आई, माझं प्रदर्शन आज संपलं. सावल्या आणि प्रतिबिंबं, एवढंच घेऊन मी इतकी वर्षं बसले आहे. आधी फोटो काढायचा, मग त्यावरून महिनोन्महिने रंगवायचं. तू म्हणायचीस, फोटो चांगला आलाय ना, मग तेच परत कशाला काढतेस?

ती सकाळ आठवते का तुला? वारज्याच्या घरी स्वयंपाकघराच्या दारात तू पदर खोचून उभी आहेस, हातात फोन. कामवाल्या बाईंनी कोपरा कोरडाच सोडला म्हणून फरशीचा फोटो काढते आहेस. पुरावा हवा, तोंडी सांगितलेलं त्यांना पटत नाही म्हणे. ओल्या भागात समोरची खिडकी उतरली आहे, जाळीसकट. कोरड्या भागावर तुझी सावली पडली आहे. मी तज्ज्ञासारखी मध्ये बोलते, "आई, तुझी सावली आली त्यात, पुन्हा काढ."

"मला फरशी दाखवायचीये, सावली आली तर येऊ दे," तू म्हणतेस आणि फोन ठेवून कुकर लावायला जातेस.

तू कायमची गेल्यावर तो फोटो मी मोठा करून घेतला आणि या वेळी दाराजवळ लावला, खाली तुझं नाव. तुझं काहीतरी असावं म्हणून, आणि खरं सांगायचं तर तिथे जागा रिकामी होती म्हणून. लोक माझ्या चित्रांसमोरून "रंग छान आहेत" म्हणत पुढे सरकायचे आणि तिथे जाऊन थांबायचे. एक ज्येष्ठ चित्रकार तर कितीतरी वेळ उभे होते. ओलं कुठे संपवायचं हे तुमच्या आईंनी कसं ठरवलं, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, ते बाईंनी ठरवलं. त्यांना हसू आलं नाही.

हेवा वाटला म्हणणं फार सभ्य झालं, आई. मी जळले. तीच फरशी गुडघे दुखेपर्यंत खाली बसून मी चित्रात रंगवली आहे, आणि तुला आपण काही केलंय याचा पत्तासुद्धा नव्हता. बरं, तुझ्याशी भांडायचीही सोय नाही.

संध्याकाळी चित्रं उतरवताना गॅलरीच्या बाईंनी विचारलं, "आईंचे अजून फोटो आहेत का? पुढच्या वेळी फक्त त्यांचेच लावू या."

मी नाही म्हणाले. तेवढा एकच होता, म्हणाले.

आहेत. गच्चीवरच्या गळक्या टाकीखाली साचलेल्या पाण्याचे, सोसायटीच्या सेक्रेटरींना दाखवायला तू काढलेले. अख्खं आभाळ उतरलंय त्यात, आणि काठाशी तुझी सावली, पदर खोचलेली, लांबच लांब. घरी आल्यापासून त्यातलाच एक समोर ठेवून मी रंगवायला बसले आहे, आणि काही केल्या जमत नाहीये.