रविवारी मेळावा उठेल

प्रिय मार्लिसताई,

ॲरिझोनात मोटारघरांच्या मेळाव्याला सुखरूप पोचलो. रोज कोणाच्या तरी शेकोटीपाशी पत्ते रंगतात. तुझा गुडघा कसा आहे?

काल ड्वेन कुत्र्याला फिरवायला गेला आणि येताना त्याला आपली गाडीच ओळखू येईना. शेजारच्या बर्निसने हाताला धरून आणलं. "सगळ्याच गाड्या पांढऱ्या, मीसुद्धा चुकते," ती म्हणाली. तो हसला. मग त्याने मला हळूच विचारलं, "हे कोणाचं घर गं?"

राहतं घर विकून आम्ही नवरा-बायकोने ही गाडी घेतली आणि मला ती चालवता येत नाही. रविवारी सगळे आपापल्या वाटेने जातील.

किल्ली मी पिठाच्या डब्यात लपवली आहे. ड्वेन सकाळपासून ती शोधतोय, आणि मीही त्याच्याबरोबर शोधते आहे.

पोरांना माझा पापा दे.

तुझी धाकटी,
आर्डिथ